जुना मोठा फोटो प्रिंटर घेताय? आधी एवढं तपासा

घरातच फोटो प्रिंटिंग सुरू करायचं म्हणून राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत जुना प्रिंटर बघायला जाताय? थांबा. विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी आल्यावरच मशीन चालू करा." आधी क्लिनिंग करून ठेवलं तर हेडचा दोष झाकला जातो.

१. नोझल चेक काढा. रेघा तुटक आल्या तर एकदा क्लिनिंग करून परत काढा. तरी तुटतात? मग नवीन हेडचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सोडून द्या.

२. शाई बघा. कॅनन प्रो-१००० ला १२ टाक्या, प्रत्येकी ८० मिली. सगळ्या रिकाम्या असतील तर "स्वस्तातलं" मशीन महागच पडतं.

३. काम ओळखा. हे मशीन १७ इंची सुट्या कागदाचं आहे, रोल चालत नाही. बॅनरची ऑर्डर घेऊ नका.

आता स्वतःला विचारा: आठवड्याला चार प्रिंट तरी निघतील का? मशीन पडून राहिलं तरी हेड साफ करण्यात शाई जातेच. ऑर्डर नसतील तर सध्या लॅबमधून प्रिंट आणा. आधी गिऱ्हाईक, मग मशीन!