शुश्रूषा करणाऱ्यांसाठी चार धडे

वर्धा जिल्ह्याला शुश्रूषेचा थोर वारसा आहे. १९३९ साली कुष्ठरोगाने जर्जर झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. त्या सेवेचे स्मरण आपण आदराने करतो. परंतु आज पुलगाव परिसरातील कित्येक घरांत हीच सेवा एखादी सून, लेक किंवा स्वतः साठी ओलांडलेली पत्नी रात्रंदिवस करीत असते. तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभरांत सुमारे दहा व्यक्ती साठ वर्षांवरील होत्या. कापडगिरणीत वा डेपोत आयुष्य वेचलेल्या अनेकांची मुले आज नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यास असतात. अशा घरी पक्षाघाताचा रुग्ण परततो, तेव्हा हाती औषधांची चिठ्ठी असते. पण त्याला कुशीवर कसे वळवावे हे कोणी शिकविलेले नसते. पुढे पाठीला जखम होते आणि रुग्ण पुन्हा खाटेवर येतो. म्हणूनच घरच्यांचे शिक्षण हा आम्ही उपचाराचाच भाग मानतो.

१. कूस : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे व टाचा रोज पाहाव्यात. दाबूनही न जाणारी लाली ही जखमेची पहिली खूण होय. ती जागा चोळू नये. तिच्यावरील भार काढावा.

२. घास : रुग्णास ताठ बसवून लहान घास द्यावेत व जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. घासागणिक ठसका लागत असेल तर भरविणे थांबवून डॉक्टरांना सांगावे.

३. पाणी : वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. विदर्भाच्या उन्हाळ्यात मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी देत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

४. भ्रम : माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, शरीरातील क्षार कमी होणे किंवा एखादे औषधही त्यामागे असू शकते. त्वरित रुग्णालयात आणावे.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची झोप, जेवण व स्वतःची औषधे चुकली, तर काही महिन्यांत घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. आठवड्यातून काही तास तरी दुसऱ्या कोणी जबाबदारी घ्यावी. विश्रांती घेणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांकरिता असलेली १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइनही उपलब्ध आहे.

दात्यांच्या साहाय्याने खाटा व यंत्रे येतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परिचारिकेने घरच्यांना शिकविण्यात घालविलेला एक तास कोणत्याही यंत्राच्या यादीत दिसत नाही. त्यासही आपले पाठबळ लाभावे. आणि आप्तांना एवढीच विनंती : भेटीस जाल तेव्हा आजोबांची विचारपूस अवश्य करा, पण उशाशी बसलेल्या माउलीलाही विचारा, “तुम्ही जेवलात का?”