संग्रहालय : कारागिराची पाठशाळा

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंचे कोठार, सुटीच्या दिवशी मुलाबाळांना दाखवून आणावयाचे ठिकाण, असा समज आपल्याकडे रूढ झालेला आहे. विणकर, सुतार, तांबट, सोनार किंवा कापडावर छापकाम करणारा कारागीर तेथे गेलाच, तर इतर प्रेक्षकांप्रमाणे तोही दालनामागून दालन ओलांडून, थकून बाहेर पडतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात उभारल्या गेलेल्या अनेक कलावस्तुसंग्रहालयांचा एक प्रमुख हेतू कारागिराचे शिक्षण हाच होता. तो हेतू विसरला गेल्यामुळे ज्यांच्या पूर्वजांनी या वस्तू घडविल्या, तेच त्यांच्यापासून दूर राहिले. नव्या नक्षीच्या शोधात असणाऱ्या कारागिराने संग्रहालयाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार या लेखात केला आहे.

नमुन्यांचे अठरा खंड

लंडन येथे 1851 साली जे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यातून पुढील वर्षी तेथे कारखानदारीच्या वस्तूंचे संग्रहालय स्थापन झाले. 1857 मध्ये ते साउथ केन्सिंग्टन या भागात नेण्यात आले. दिवसभर राबणाऱ्या कामगारांना सायंकाळी येता यावे म्हणून तेथे गॅसच्या दिव्यांची सोय करण्यात आली होती. आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणून जगप्रसिद्ध असलेले संग्रहालय ते हेच.

याच सुमारास हिंदी वस्त्रांच्या संदर्भात एक महत्त्वाची घटना घडली. लंडनमधील इंडिया म्युझियमचे प्रमुख जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी 1866 मध्ये हिंदुस्थानातील कापडाच्या 700 नमुन्यांचे 18 खंड सिद्ध केले. पागोट्याची, साडीची, धोतराची, मलमलीची वस्त्रे कापून त्यांचे तुकडे पानांवर चिकटविण्यात आले, आणि कापड कोठे मिळाले, त्याची लांबी, रुंदी, वजन व किंमत काय, याची नोंद करण्यात आली. असे 20 संच तयार झाले. त्यांपैकी 13 ब्रिटनमध्ये ठेवण्यात आले व 7 हिंदुस्थानात आले. या वीस संचांना वॉटसन वीस औद्योगिक संग्रहालयेच मानीत. येथील लोकांना काय आवडते हे विलायतेतील गिरणीमालकांना कळावे व तसा माल तेथे तयार करून येथे विकता यावा, हा त्यामागील उघड उद्देश होता.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, नमुन्यांचा संग्रह ही निरुपद्रवी हौस नव्हे. ज्याला तो वाचता येतो त्याच्या हाती ते एक सामर्थ्य असते. दुसरी अशी की, वॉटसन यांनी नक्षीबरोबर वस्त्राचे माप, वजन आणि वापरही पाहिला. पागोटे डोक्यास गुंडाळल्यावर त्याचा कोणता भाग दिसतो आणि कोणता आत जातो, हे ठाऊक असल्याशिवाय त्याची नक्षी समजत नाही. जी नजर गिरणीच्या हितासाठी वापरली गेली, ती आता हातमागाच्या हितासाठी कारागिराने स्वतः कमावली पाहिजे.

नक्कल आणि बोध

संग्रहालयातून नेमके काय घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर विल्यम मॉरिस या इंग्रज अभिकल्पकाच्या कामात मिळते. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहाचा त्यांच्याइतका नित्य उपयोग करून घेणारे थोडेच असतील. 1883 मध्ये त्या संग्रहालयाने सतराव्या शतकातील एक इटालियन मखमल खरेदी केली. तिच्यावरील फुलांचे देठ तिरप्या रेषेत वळसे घेत वर चढतात. त्याच वर्षी मॉरिस यांनी ‘इव्हनलोड’ हे छापील सुती कापड रचले. त्यात मखमलीवरचे फूल नाही, तिचा रंग नाही आणि तिची वीणही नाही. घेतली आहे ती केवळ तिरप्या वळणाची गती. त्या एका गतीवर मॉरिस यांनी स्वतःची फुले, स्वतःचा निळा रंग व स्वतःची छपाई बेतली.

नक्कल आणि बोध यांतील अंतर हे असे आहे. नक्कल करणारा बाह्यरूप उचलतो. बोध घेणारा त्या रूपामागील बांधणी ओळखतो आणि आपल्या साधनांतून ती नव्याने उभी करतो. नकलेने एक माल निघतो. बांधणी समजली तर तिच्यातून दहा नक्षी निघतात.

वडोदरा आणि महेश्वर

आपल्या परिसरात या विचाराची परंपरा नाही, असे मुळीच नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी वडोदरा येथे 1887 मध्ये संग्रहालयाची स्थापना केली. त्याची इमारत 1894 मध्ये पूर्ण झाली. 1890 मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली त्याच नगरीत कलाभवन सुरू झाले व तेथे रंगकाम, विणकाम आदी विषयांचे शिक्षण देण्यात येऊ लागले. एका बाजूस पाहण्याची जागा व दुसऱ्या बाजूस करण्याची जागा, अशी ही जोडी होती. अकोटा येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती या संग्रहालयाचे भूषण आहेत. मूर्तीच्या वस्त्राची घडी, प्रभावळीची कड, पीठावरील कमलदल यांकडे सोनाराने अथवा ओतकाम करणाऱ्याने तासभर पाहावे, इतके त्यात शिकण्यासारखे आहे. याच संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडाही आहे. कारागीर प्राणिविभाग सहसा टाळतात. परंतु बरगड्यांच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या कमानी पाहून वेताच्या वा लाकडाच्या वस्तूची बांधणी सुचू शकते, हे ध्यानात ठेवावे.

संग्रहालयाला चार भिंती असल्याच पाहिजेत असेही नाही. नर्मदाकाठच्या महेश्वर येथील साडीच्या काठांवर चटई, वीट, हिरा, लहर अशा नावांच्या नक्षी आढळतात. तेथील किल्ल्याच्या व घाटांच्या दगडी कामातून आणि नदीच्या पाण्यावरील तरंगांतून त्या आल्याचे विणकर सांगत आले आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी ज्या नगरीत विणकरांना आश्रय दिला, तिच्या भिंतीच विणकरांचे नमुनापुस्तक झाल्या. गोव्यात व कोकणात काही देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीची व चुन्याची ‘कावी’ चित्रे आहेत. तांबड्या थराखालील पांढरा चुना कोरून उघडा करावयाचा, एवढ्या साध्या क्रियेतून ती साकारतात. दोनच रंगांत किती साधता येते, हे शिकण्यासाठी छापकाम करणाऱ्याने प्रथम ही चित्रे पाहावीत.

भेटीची पद्धत

संग्रहालयास भेट देण्यापूर्वी आपल्यापुढील काम निश्चित करावे. ‘काही तरी नवे पाहू’ या हेतूने गेलेला रिकाम्या हाताने परततो. ‘पदराच्या कोपऱ्यात काठ वळवावा कसा’ असा प्रश्न घेऊन गेलेल्यास लाकडी चौकटीत, पोथीच्या हाशियात, दगडी दारशाखेतही त्याचे उत्तर दिसते. एका भेटीत संपूर्ण संग्रहालय पाहण्याचा हव्यास धरू नये. तीन वस्तू निवडाव्या आणि प्रत्येकीसमोर किमान अर्धा तास थांबावे.

प्रत्येक वस्तूची तीन रेखाटने करावी. पहिल्यात संपूर्ण आकृती व तिची प्रमाणे असावी. दुसऱ्यात ज्या घटकाची पुनरावृत्ती होते तो एकच घटक काढावा आणि तो सरळ, उलटा की आडवा फिरविला आहे, हे बाणांनी दाखवावे. तिसऱ्यात सांधे, कडा आणि कोपरे यांची नोंद करावी. कारण नक्षीकाराची खरी परीक्षा कोपऱ्यातच होते. सोबत वस्तूचे नाव, स्थळ, काळ व नोंदक्रमांक लिहून घ्यावा. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते व वज्ऱ्या अशा अभ्यासास फार सोयीच्या आहेत. एकाच उपयोगाची वस्तू किती रूपे घेते, आणि मोर वा घोडा यांचा आकार हाताच्या पकडीला कसा जुळवून घेतला आहे, हे तेथे एकाच रांगेत पाहावयास मिळते.

रेखाटनासाठी पेन्सिलच वापरावी; पुष्कळ ठिकाणी शाईस मनाई असते. छायाचित्रांचे नियमही प्रत्येक संग्रहालयात निराळे असल्याने आधी परवानगी घ्यावी. अहमदाबाद येथील 1949 मध्ये स्थापन झालेल्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयाची भेट आधी ठरवावी लागते. आता अनेक संग्रहांची चित्रे घरबसल्या पाहता येतात, ही मोठीच सोय झाली आहे. तथापि पडद्यावर अंगठी आणि गालिचा एकाच मापाचे दिसतात. पोत, वजन आणि जाडी तेथे कळत नाही. म्हणून चित्र हे भेटीची तयारी समजावे, भेटीचा पर्याय समजू नये.

एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात

घरी परतल्यावर खरे काम सुरू होते. उदाहरणार्थ, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील बिदरीची पात्रे घ्यावी. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून तीत चांदी बसवितात, आणि नंतर बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने धातू काळा करतात. चांदीवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ती काळ्यावर झळकते. ही वेल विणकराला साडीत आणावयाची आहे असे समजू. धातूवर कोरलेली रेषा हवी तशी वळते. मागावर ताणा व बाणा काटकोनात भेटत असल्याने प्रत्येक वळणाची पायरी होते. वेल प्रथम चौकटीच्या कागदावर उतरवावी, बारीक देठ जाड करावे, पाकळ्या कमी कराव्या. असे करताना जे गळून पडते ते बिदरीचे, आणि जे टिकते ते नक्षीचे, अशी खूणगाठ बांधावी.

पैठणी या बाबतीत आदर्श आहे. अजंठ्याचे कमळ, बांगडी मोर, मुनिया, आसावली हे आकार विणीच्या पायऱ्यांतून असे घडले आहेत की त्यांचा कोनदारपणा हेच त्यांचे सौंदर्य ठरले. स्वतंत्र कांड्यांनी रंग गुंतवून विणल्यामुळे तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तंत्राची मर्यादा लपविण्यापेक्षा तिला रूप देणे श्रेयस्कर, हा पैठणीचा धडा आहे.

मेळे आणि प्रदर्शने

संग्रहालयातील कर्ता मूक असतो. मेळ्यातील कर्ता बोलतो. हरयाणातील सूरजकुंड मेळा 1987 पासून भरत आला आहे, आणि गोव्यातील लोकोत्सवासही निरनिराळ्या राज्यांतील कारागीर येतात. तेथे रंग कोणता, किती दिवस लागले, ग्राहक काय मागतो, हे प्रत्यक्ष विचारता येते. मात्र येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. शंभर वर्षांपूर्वीची नक्षी साऱ्यांचा वारसा असते. शेजारच्या गाळ्यातील नवी नक्षी ही एका जित्या माणसाची भाकरी असते. ती विनापरवानगी उचलणे म्हणजे वॉटसन यांच्या खंडांनी विणकराचे जे केले तेच आपल्या बांधवाचे करणे होय.

कायद्याचीही जाण असावी. डिझाइन अधिनियम, 2000 अन्वये नव्या व मूळ नक्षीची नोंदणी करता येते. तिचे संरक्षण प्रथम दहा वर्षे असते व ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या नक्षीस हा लाभ नाही. म्हणजे जुन्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणाऱ्याच्या हाती काहीच राहात नाही. तिच्यापासून बोध घेऊन स्वतःची रचना करणाऱ्यास कायद्याचे पाठबळ मिळू शकते. मात्र नोंदणीचा अर्ज माल बाजारात वा प्रदर्शनात मांडण्याआधी करावा लागतो, हे विसरू नये.

आपल्या भागातील प्रत्येक विणकर सहकारी संस्थेने व औद्योगिक प्रशिक्षण केंद्राने वर्षातून निदान दोन अभ्यासभेटी आखाव्यात, भेटीतील रेखाटने एका वहीत क्रमवार जपावीत, आणि ती वही संस्थेच्या सर्व सभासदांना खुली ठेवावी. पहिल्या वर्षी तीत फार काही दिसणार नाही. पाच वर्षांनी मात्र त्या संस्थेजवळ स्वतःचे नमुनापुस्तक तयार झालेले असेल. आणि त्यातील एकही तुकडा कोणाचे वस्त्र कापून घेतलेला नसेल.