शांघायमध्ये दुकानापर्यंत स्वतः चालत जा

शांघायमध्ये परदेशी माणसाला लुबाडणारं दुकान ओळखायची एकच खूण मला भरवशाची वाटते. तिथे तुम्ही आपणहून गेलात, की कुणी तुम्हाला नेलं? नेणारा टूर गाइड असो, रस्त्यात भेटलेली गोड बोलणारी मुलगी असो, नाहीतर 'वॉच, बॅग, मॅडम' करत मागे लागलेला पोरगा असो. त्याचं कमिशन तुमच्या बिलात आधीच धरलेलं असतं. शहर तसं सुरक्षित आहे, रात्री अकरालाही बाईमाणूस एकटं हिंडू शकतं. त्यामुळेच आपण गाफील राहतो.

पहिल्यांदा गेलो ते ग्रुप टूरने. कार्यक्रमपत्रिकेत एका सकाळी 'सिल्क म्युझियम' छापलेलं होतं. तिथे काचेखाली रेशमाचे किडे होते, गरम पाण्यात सोडलेले कोश होते, आणि चार बायका कोशाची जाळी चौकोनी ताणून एकावर एक थर रचत होत्या. बघायला खरंच सुंदर. मग एक दार उघडलं आणि आम्ही रजयांच्या दुकानात. बाहेरचा रस्ता दुकानातूनच होता, आणि बस यायला अजून बराच वेळ. आमच्यातल्या नाशिकच्या काकूंनी दोन रजया घेतल्या. संध्याकाळी नानजिंग रोडवरच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये तेवढ्याच वजनाच्या रजया जवळपास निम्म्या किमतीत लावलेल्या दिसल्या, तेव्हा काकू गप्प झाल्या आणि गाइडला फोन आला. पुढे दोन दिवसांत जेडचं दुकान झालं, चहाचं झालं.

रजई घ्यायचीच असेल तर लेबलवर भरण शंभर टक्के तुतीच्या रेशमाचं आहे का आणि भरणाचं नक्की वजन किती, एवढं पाहा. बऱ्याच रजयांच्या कडेला छोटी चेन असते. ती उघडून आतलं भरण हाताने पाहता येतं. विकणारा त्याचा धागा जाळून दाखवायला तयार हवा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

आमच्या गाइडने एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मला नंतर कळली. चीनचा पर्यटन कायदा 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू आहे. स्वस्तातल्या सहलीचं आमिष दाखवून पर्यटकांना ठरावीक दुकानांत नेणं आणि त्यावर कमिशन खाणं त्याच्या 35 व्या कलमाने बेकायदा ठरवलंय. असं झालं तर सहल संपल्यापासून तीस दिवसांच्या आत माल परत करून देण्याची मागणी ट्रॅव्हल कंपनीकडे करता येते. मुंबई-पुण्यात बसून हे निस्तरणं सोपं नाही, हे मान्य. म्हणून पैसे भरण्याआधीच टूर कंपनीला विचारा की कार्यक्रमात दुकानं किती आहेत, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

चहाचा सापळा याहून वाईट. पीपल्स स्क्वेअर, नानजिंग रोड, नदीकाठचा बंड, एवढ्याच टापूत तो लावलेला असतो. दोन-तीन तरुण मुलं-मुली तुमच्याकडे मोबाइल देतात, 'आमचा फोटो काढता का?' इंग्रजी छान. आपण बाहेरगावचे विद्यार्थी आहोत, इंग्रजीचा सराव करायचाय, म्हणतात. गप्पा रंगल्या की 'आम्ही चहाचा पारंपरिक सोहळा पाहायला निघालोय, चला ना.' छोट्या खोलीत इवल्याशा कपांतून पाच-सहा प्रकारचे चहा येतात. दर प्रत्येक चहाचा, प्रत्येक माणसाचा आणि खोलीचा वेगवेगळा लावतात, आणि बिल हजारो रुपयांत जातं. मुलं आपला वाटा बिनतक्रार भरतात, म्हणून तुम्हालाही भरल्याशिवाय गत्यंतर नाही असं वाटतं. ती चहावाल्याचीच माणसं. पुढे भाचीकडे राहायला गेले तेव्हा तिने विमानतळावरच बजावलं होतं, "मावशी, इथे कुणी आपणहून इंग्रजीत बोलायला आलं की हसायचं आणि चालत राहायचं." मी तेच केलं. अडकलातच तर पोलिसांचा नंबर 110 आणि ग्राहक तक्रारीचा 12315. पैसे भरावेच लागले तर 'फापियाओ' म्हणजे सरकारी पावती मागा. ती मागितली की अशी माणसं बिथरतात.

मग जायचं कुठे? घासाघीस करायची हौस असेल तर मेट्रोची दोन नंबरची लाइन पकडा आणि सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्युझियम स्टेशनवर उतरा. स्टेशनातच जमिनीखाली बाजार आहे. पूर्वी शांघायचा असा मोठा बाजार शियांगयांग रोडवर होता. तो 2006 मध्ये बंद केला तेव्हा तिथले बरेच गाळेवाले शहरातल्या अशा बाजारांत पांगले. पर्सेस, बॅगा, बूट, खेळणी, मोत्यांच्या माळा, चष्मे, सगळं आहे. नामी ब्रँडच्या नकला सर्रास मिळतात आणि माझं मत विचाराल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. नकलेत तुम्ही मालाचे नाही, छापलेल्या नावाचे पैसे मोजता. त्यापेक्षा बिननावाची चांगली बॅग बघा.

भाव तोंडी होत नाही, कॅल्क्युलेटरवर होतो. गाळेवाली 480 टाइप करते, तुम्ही 60, ती कपाळावर हात मारते, तुम्ही वळता, ती हाक मारते. तुळशीबागेत मुरलेल्या बाईला इथे शिकण्यासारखं काही नाही. ट्रॉली बॅग मी पहिल्या किमतीच्या पंचमांशात घेतली आणि तरीही गाळेवाली हसतच होती. दोन नियम मात्र पाळा. घ्यायचं नसेल तर आकडा टाइप करू नका. तुमचा आकडा तिने मान्य केल्यावर मागे हटलात तर वाद होतो. आणि 'चांगला माल गोदामात आहे, या माझ्याबरोबर' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

चष्म्यासाठी मात्र हा बाजार खरोखर सोयीचा आहे. घरून डोळ्यांच्या नंबरचा कागद न्या, म्हणजे तपासणीवर विसंबायला नको. साधा चष्मा बहुतेक त्याच दिवशी हातात पडतो.

कपडे शिवून घ्यायचे तर लुजियाबांग रोडवरचा साउथ बंड कापड बाजार. चार नंबर लाइनवरचं नानपू ब्रिज हे जवळचं स्टेशन. मजल्यांवर मजले शिंप्यांचे गाळे, पुढे तागे, मागे शिलाई. सूट, ओव्हरकोट, रेशमी जॅकेट शिवायला काही दिवस लागतात, म्हणून शहरात पोचल्या पोचल्या इथे या. नीट बसणारा आपला जुना कोट नमुना म्हणून दिला तर मापाची निम्मी भांडणं वाचतात. ट्रायल किमान एकदा हवीच. पैसे अर्धे आधी, अर्धे अंगात घालून बघितल्यावर. 'शंभर टक्के काश्मीरी लोकर' असं कुणी म्हटलं की किमतीकडे बघा, खरं काय ते तिथेच कळतं. चिनी नववर्षाच्या सुमारास शिंपी गावी गेलेले असतात, तेव्हा फेरी फुकट जाते.

युयुआनचा बाजार बघण्यासाठी आहे. 1559 मध्ये बांधायला घेतलेली मिंग काळातली बाग, भोवती वळणदार कौलांची दुकानं, संध्याकाळी दिवे. तिथल्या पंख्यांचे आणि चॉपस्टिकच्या पेट्यांचे भाव पर्यटकांसाठीचे असतात. तियानझीफांगच्या गल्ल्यांतही तसंच. फिरा, फोटो काढा, मन झालं तर एखादी चीजवस्तू घ्या. जुनी मूर्ती किंवा भांडं 'अँटिक' म्हणून देत असतील तर ते बहुधा नवं असतं, आणि खरंच 1911 पूर्वीचं असलं तर देशाबाहेर नेता येत नाही.

खाऊसाठी नानजिंग रोडवरचं फर्स्ट फूड किंवा कुठलंही सुपरमार्केट बरं, कारण तिथे किंमत लिहिलेली असते. सुट्या मालाच्या दुकानात मात्र पाटी नीट वाचा. चीनमध्ये भाव 'जिन'चा, म्हणजे अर्ध्या किलोचा असतो. काही सुकामेवावाले 'ल्यांग'चा, म्हणजे पन्नास ग्रॅमचा भाव मोठ्या अक्षरांत आणि वजन बारीक अक्षरांत लिहितात. वजन करून, कापून, पिशवीत भरून झाल्यावर मग बोलायला तोंड राहत नाही. शाकाहारी मंडळींनी मूनकेक आणि बिस्किटांचं लेबल भाषांतराच्या ॲपने वाचावं. पुष्कळदा त्यात डुकराची चरबी असते.

पैशांची तयारी भारतातच करा. अलीपे किंवा वीचॅट पेला आपलं व्हिसा वा मास्टरकार्ड जोडता येतं. कार्डावर परदेशी वापर बँकेकडून चालू करून घ्या आणि भारतीय सिम रोमिंगवर ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला वेगळं शुल्क नाही, त्यावर 3 टक्के लागतात. रोख नोटा नाकारायला दुकानदाराला परवानगी नाही, तरी सुट्टे त्याच्याकडे नसतात. छोट्या नोटा जवळ ठेवा. गुगलचे नकाशे आणि भाषांतर तिथल्या वायफायवर चालत नाहीत.

मोठ्या दुकानात 'टॅक्स रिफंड'ची पाटी दिसली तर पासपोर्ट दाखवा. एप्रिल 2025 पासून एका दुकानात एका दिवशी किमान 200 युआनची खरेदी पुरते. परतावा 11 टक्के, हाताळणीचं शुल्क वजा जाता सुमारे 9. विमानतळावर कस्टम्सला वस्तू न वापरलेली दाखवावी लागते, म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत आधीच कोंबू नका.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मी कुणालाही उत्साह देत नाही. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये गुगलच्या सेवा नसतात, प्लग आपल्या सॉकेटला बसत नाही, वॉरंटी बहुधा तिथलीच. पॉवर बँकेवर '3सी' या चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसेल तर जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ती नेऊ देत नाहीत. ई-सिगारेट भारतात आणता येत नाही. आणि ड्रोन कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नका: फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे, आणि प्रवाशाच्या बॅगेतला ड्रोनही कस्टम्सवाले जप्त करतात.