माळाकाठचे बाजारगाव

मंडळी, आठवड्याचा बाजार आपल्याला नवा नाही. आज एका दूरच्या बाजाराला जाऊ या.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे टॅव्ही नदीच्या काठी टॅव्हिस्टॉक हे गाव वसले आहे. गावची रेल्वे १९६८ साली बंद झाली. म्हणून प्लिमथ शहरातून मोटारने जायचे.

इ. स. ११०५ मध्ये पहिला हेन्री राजा याने तेथल्या मठाला बाजार भरविण्याची सनद दिली. म्हणजे बाजार नऊशे वर्षांहून जुना! त्याचे नाव पॅनियर मार्केट. पॅनियर म्हणजे घोड्याच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या टोपल्या. त्यांत लोणी, अंडी घालून शेतकरी बाया बाजाराला येत. आता टोपल्या गेल्या, नाव तेवढे राहिले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारी गावात मोठी जत्राही भरते.

हा बाजार वाढला तो शेजारच्या माळामुळे. गाव संपले की डार्टमूरचा चढ लागतो. दगडी टेकड्या, दलदल आणि वारा. नांगर चालेल अशी जमीन थोडी. पण माळावर मेंढ्या चरत, त्यांची लोकर खाली येई. मातीत कथील सापडे. १३०५ सालापासून ते तोलून शिक्का मारण्याची जी ठरावीक गावे होती, त्यांत टॅव्हिस्टॉक एक होते.

१९५१ साली हा माळ राष्ट्रीय उद्यान झाला. क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. उद्यान म्हटले की आपल्याला ताडोबा आठवतो. आपल्या कायद्याने अशा ठिकाणी गुरे चारायला बंदी आहे. डार्टमूरची तऱ्हा निराळी. तेथे माणसे राहतात, गुरे चरतात. माळावर तट्टे मोकळी फिरतात. ती रानटी वाटतात, पण प्रत्येकाला धनी आहे बरं का!

मग हा माळ कोणाचा? सरकारचा असेल असे वाटते ना? नाही. बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. मोठा भाग युवराजांच्या जहागिरीचा आहे. पण मालक एक आणि चारण्याचा हक्क दुसऱ्याचा, अशी तेथली जुनी वहिवाट आहे. आसपासच्या शेतकऱ्यांना सामाईक माळावर गुरे सोडण्याचा हक्क आहे. (आपल्या गावचे गायरान किती एकर आहे, हे तलाठ्याला कधी विचारलेत काय?) १९८५ च्या कायद्याने सामाईक माळावर पायी किंवा घोड्यावरून हिंडण्याचा हक्क सर्वांनाच मिळाला.

हिंडावे, पण रात्री तंबू ठोकावा काय? यावरून वाद पेटला. एका जमीनमालकाने कोर्टात धाव घेतली. जानेवारी २०२३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यात तंबूतला मुक्कामही येतो. हे सारे १९८५ च्या कायद्यातल्या एका वाक्याच्या अर्थावरून! कागद नीट वाचता आला पाहिजे, तो असा.

हक्काबरोबर नियमही आलेच. तट्टांना खायला घालायचे नाही. कारण ती चटावतात, रस्त्यावर येतात आणि मोटारीखाली सापडतात. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीला बांधूनच न्यायचा, कारण तो मेंढ्यांच्या विणीचा आणि पाखरांच्या घरट्यांचा काळ असतो. शेकोटी पेटवायची नाही. आणि वाटेतले फाटक लावलेले असेल तर पुन्हा लावूनच पुढे जायचे.