वारं गेलं? आधी घड्याळ बघा

माणूस बसल्या जागी एकाएकी लुळा पडतो. तोंड वाकडे होते. एक हात उचलत नाही. जीभ जड होते. घरचे म्हणतात, “अंगावरून वारं गेलं.” कोणी तेल चोळतो, कोणी अंगारा लावतो. कोणी म्हणतो, “सकाळी बघू.”

हे वारे बाहेरून येते काय? नाही. हा अर्धांगवायू. दुखणे हातात नाही, मेंदूत आहे. मग हाताला तेल चोळून ते कसे जाईल?

पाटात गाळ अडकला की पुढचे वाफे सुकतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत, म्हणजे रक्तवाहिनीत, गुठळी अडकली की तसेच होते. मोठी वाहिनी तुंबली तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

इस्पितळात आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढतात. कारण वाहिनी कधी तुंबते, कधी फुटते. लक्षणे सारखीच, उपाय मात्र उलटे. तुंबली असेल तर गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून देतात. ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

मोठी गुठळी मात्र पुष्कळदा औषधाने विरघळत नाही. ती काढावी लागते. त्यासाठी डोके उघडावे लागत नाही. जांघेतल्या किंवा मनगटातल्या वाहिनीतून डॉक्टर एक लांब, बारीक नळी आत घालतात. पडद्यावर बघत बघत ती मेंदूपर्यंत नेतात. नळीतून तारेची जाळी पुढे सारून गुठळीत उघडतात. गुठळी जाळीत अडकली की दोन्ही बाहेर ओढतात. कधी गुठळी नळीनेच शोषून घेतात.

याने गुण येतो काय? हॉलंडमध्ये ५०० रोग्यांवर हे पारखून पाहिले. २०१५ साली निकाल छापला गेला. नुसत्या नेहमीच्या उपचाराने १०० पैकी सुमारे १९ रोगी तीन महिन्यांनी आपली कामे आपण करीत होते. ज्यांच्यावर हा उपायही केला, त्यांच्यात सुमारे ३३. सगळेच बरे होत नाहीत, हे खरे. पण जास्त माणसे आपल्या पायांवर उभी राहतात.

हा उपाय शक्यतो ६ तासांत करतात. काही निवडक रोग्यांना २४ तासांपर्यंतही तो लागू पडतो, असे २०१८ साली दिसून आले. पण उशीर तितके नुकसान. शिवाय ही सोय प्रत्येक इस्पितळात नसते. म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा.

१. ताबडतोब १०८ ला फोन करा. “अर्धांगवायू वाटतो,” असे स्पष्ट सांगा.

२. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. घोट श्वासनळीत जाईल.

३. घड्याळ बघा. रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना कळले, तर रात्री निजतानाची वेळ लिहा.

डॉक्टर पहिल्यांदा हीच वेळ विचारतात. तीवरून उपाय ठरतो. तुम्ही आता आकडे लिहू लागला आहात. तुमच्या हातची ती एक ओळ एखाद्याचा हात वाचवील.

अभ्यास : घरातल्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असे, ठळक लिहा — १०८.