वेरूळ-अजिंठ्याला निघण्याआधी

चि. भाचीस,

दिवाळीनंतर तू जावईबापूंना आणि पोरांना घेऊन औरंगपुऱ्यात येते आहेस हे कळल्यापासून मामीची लगबग चालू आहे. दोन दिवसांत सगळं बघून होईल का, असं तू विचारलंस. नाही होणार. वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, मकबरा, पाणचक्की असं एका दमात सगळं दाखवणाऱ्या सहली निघतात, पण त्यात कैलासाच्या वाट्याला जेमतेम वेळ येतो आणि पोरांच्या लक्षात फक्त गाडी राहते. मी वर्षानुवर्षं शाळेच्या मुलांना घेऊन या वाटा तुडवल्या आहेत, म्हणून हक्काने सांगतो: तीन दिवस काढा, आणि नाहीच जमलं तर ठिकाणं कमी करा.

पहिली गोष्ट वाराची. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. लांबून आलेली माणसं फाटकावरून परत जाताना दर आठवड्याला दिसतात.

अजिंठा इथून शंभर किलोमीटर. सकाळी सहाच्या सुमारास निघा. एसटीने आलात तर अजिंठा गावात उतरू नका. लेणी तिथून पुढे घाट उतरल्यावर आहेत. फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरायचं. स्वतःची गाडीही तिथेच ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. आईंचे गुडघे दुखत असतील तर पायथ्याशी डोलीवाले असतात, दर आधी ठरवून घे.

सगळी गर्दी पहिल्या लेण्यात घुसते. तुम्ही सरळ सोळा आणि सतरा गाठा, आणि एक-दोन परतताना निवांत बघा. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. तसा शिलालेखच तिथे आहे. आत गेल्या गेल्या चित्र शोधू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधारात काही दिसत नाही. भिंतीपाशी गप्प उभं राहायचं. थोड्या वेळाने आधी रंग वर येतात, मग चेहरे, मग दागिन्यांतले मोती. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे. त्याच्या हातातलं कमळ सगळे बघतात. तू त्याच्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या बघ. फ्लॅश मारू देत नाहीत आणि मारूही नये.

नववं आणि दहावं लेणं या चित्रांहून कितीतरी जुनं, इसवी सनाच्या आधीचं. ते घाईत सोडू नका. आणि सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध तर चुकवायचाच नाही. पायांत त्राण असेल तर वाघूर ओलांडून समोरच्या टेकडीवर चढा. नदीने घेतलेलं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्या कड्यातली लेण्यांची रांग तिथूनच एका नजरेत येते. तिथल्या सातकुंड धबधब्याची धार पावसाळ्यात जोरात असते, दिवाळीनंतर बारीक होते.

दुसरा दिवस वेरूळचा. वाटेत दौलताबाद लागतं, ते सकाळी उन्हं तापायच्या आत चढून घ्या. बॅटरी सोबत ठेवा. किल्ल्यातल्या भुयारी वाटेत, म्हणजे अंधारीत, वटवाघळं असतात आणि पायऱ्या एकसारख्या नाहीत. पोरांना तिथे थांबवून समजावून सांगा, की खंदक ओलांडून आलेल्या शत्रूला वर जायला हीच एक वाट होती आणि तीही काळोखी. यादवांची ही देवगिरी, आणि 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथेच आणली. माथ्यावर जनार्दनस्वामींचं स्थान आहे, नाथमहाराजांच्या गुरूंचं. तिथे नमस्कार करूनच उतरा. खाली सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या असतील, अवश्य घ्या.

जेवण उरकून वेरूळला दुपारी पोचा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी आत अंधार असतो आणि दुपारनंतर ऊन आत शिरतं. कैलास, म्हणजे सोळावं लेणं, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलं. मागची कातळभिंत शंभर फुटांहून उंच आहे. म्हणून आधी बाजूच्या पायवाटेने वर जा, वरून देऊळ बघा, पोरांचे हात घट्ट धरा, आणि मगच खाली उतरा. आत डाव्या भिंतीवर महाभारत आणि उजवीकडे रामायण ओळीने कोरलं आहे. पोरांना प्रसंग ओळखायला लावा. उजव्या बाजूलाच कैलास हलवणारा रावण आहे. काही ठिकाणी दगडावर पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटलेले दिसतील. आज काळं दिसणारं हे देऊळ एके काळी गिलावा करून रंगवलेलं होतं.

वेळ उरला तर दहावं लेणं बघा, ज्याला आपल्याकडे सुताराची झोपडी म्हणतात. दगडात लाकडी तुळयांची नक्कल केली आहे. जावईबापू गातात ना, त्यांना तिथे हलकेच एक स्वर लावायला सांग, आवाज कसा घुमतो ते ऐका. जैन लेणी थोडी लांब आहेत, पण बत्तिसाव्यातलं छतावरचं कमळ बघण्यासाठी जाच. घृष्णेश्वराचं दर्शन शेवटी. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे त्यांना आधीच सांगून ठेव. सोमवारी तिथे रांग फार, तो दिवस धरू नका.

तिसरा दिवस शहराचा. मकबरा सकाळी, पाणचक्की त्यानंतर. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर तिथलं जातं फिरायचं, ते पोरांना दाखव. दुपारी गुलमंडीवरची गरम इम्रती.

एक गोष्ट मात्र पोरांना निघण्याआधीच बजाव. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव कोरून ठेवलं. ते अजून तिथे आहे. त्यानंतर कितीतरी जणांनी तेच केलं. चित्राखाली मातीचा गिलावा आहे, हाताच्या घामानेसुद्धा तो खराब होतो. आपल्या घरातल्या कुणाचंही बोट त्या भिंतीला लागता कामा नये.

तारीख पक्की झाली की कळव.

तुझा मामा