जांघेतली कळ आणि स्कॅनचं बिल

मांडी घालून बसलं की जांघेत कळ, रिक्षातून उतरताना खुबा अडकल्यासारखा, आणि वय अजून चाळिशीच्या आत. अशा माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, ‘एकदा एमआरआय काढूनच टाक.’ नाशिक रोडला खासगीत हा सल्ला ढोबळमानाने पाच ते नऊ हजारांना पडतो. त्याआधीचा सहाशे ते बाराशेचा एक्स-रे बऱ्याचदा पुरेसा असतो, मात्र तो नीट काढलेला हवा.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा असला (याला कॅम म्हणतात) किंवा वाटीची कड जास्त पुढे आलेली असली (हा पिन्सर), तर पाय पोटाशी घेताना हाडाला हाड लागतं आणि वाटीच्या कडेचं लॅब्रम (कूर्चेची कडी) चेपतं. पण उंचवटा दिसला म्हणजे आजार झाला, असं नाही. २०१५ साली ‘आर्थ्रोस्कोपी’ या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात कसलीही तक्रार नसलेल्या २,११४ खुब्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांत कॅम सापडला होता! म्हणूनच २०१६च्या वॉरिक सहमतीने, म्हणजे तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनाने, या दुखण्याच्या निदानासाठी तीन गोष्टी एकत्र मागितल्या: तक्रार, हाताने केलेल्या तपासणीतली खूण आणि चित्र. डॉक्टरांनी गुडघा छातीकडे वाकवून, पाय आत फिरवून पाहिलाच नसेल, तर स्कॅनची चिठ्ठी घेऊन बाहेर पडू नका.

एक्स-रेच्या चिठ्ठीवर नुसतं ‘हिप’ लिहून भागत नाही. दोन फोटो लागतात: दोन्ही खुबे दाखवणारा ‘एपी पेल्विस’ आणि ‘डन व्ह्यू, ४५ अंश’. कॅमचा उंचवटा बहुधा पुढच्या अंगाला असतो; सरळ फोटोत तो लपतो, डनमध्ये दिसतो. कंबर तिरकी ठेवून फोटो काढला तर वाटीही खोटं सांगते. एका फोटोचे साधारण तीनशे ते सहाशे रुपये होतात. रिपोर्टमध्ये अल्फा कोन आणि सेंटर-एज कोन आकड्यात मागा. अल्फा ६०च्या वर असेल तर कॅमचा संशय, सेंटर-एज ४०च्या वर असेल तर पिन्सरचा.

एमआरआय लागतो तो लॅब्रम आणि कूर्चा पाहायला, म्हणजे व्यायाम-फिजिओथेरपीने भागलं नाही आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला तर. तेव्हाही अख्ख्या पेल्विसचा नको, दुखऱ्या एका खुब्याचा हवा. जमल्यास तीन टेस्ला मशीनवर. सांध्यात औषध टोचून काढायचा आर्थ्रोग्राम जवळपास दुप्पट महाग. साध्या एमआरआयमध्ये उत्तर मिळालं असेल तर तो टाळता येतो. थ्रीडी सीटी (साडेतीन ते सहा हजार) ही सर्जनच्या आखणीची गरज, निदानाची नव्हे. शिवाय किरणं ओटीपोटातून जातात.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. पूर्वी स्टेरॉईड घेतलेली असतील, दारू जास्त असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी लागते. सुरुवातीला हे एक्स-रेत दिसत नाही. तिथे पैशांकडे न पाहता लगेच एमआरआय.

खिसा हलका असेल तर आधी जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं ‘सिव्हिल’. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. कुठला स्कॅन तिथेच होतो आणि नंबर कधी लागेल, ते खिडकीवर विचारा. बिटको रुग्णालय जवळ असलं तरी ते महापालिकेचं, त्यामुळे मोफत उपचारांचा हा निर्णय त्याला लागू नाही; तिथले दर वेगळे विचारावे लागतात. कारखान्यात ईएसआयसी कापली जात असेल तर कार्ड आधी दाखवा.

खासगी सेंटरमध्ये फोनवरच विचारा: या दरात फिल्म, रिपोर्ट आणि सीडी तिन्ही येतात का? निदान-तपासणीवर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर हरकत घ्या. सीडी सोडू नका. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलात तर तिथला सर्जन कोन स्वतः मोजून पाहील, आणि नुसता रिपोर्ट असल्यामुळे परत स्कॅन काढायची वेळ येणार नाही. मेडिक्लेममध्ये ओपीडीचा स्कॅन सहसा बसत नाही. पुढे शस्त्रक्रियेसाठी भरती झालात, तर पॉलिसीप्रमाणे आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतली बिलं मागता येतात; म्हणून चिठ्ठी आणि पावती एकत्र जपा.